जोडीदाराची गोळी

"पण वस्ताद, माझी गोळी मीच का नाही मारायची?"

यशोधन इंगवले हे तिसऱ्यांदा विचारत होता.

वस्ताद कढईतलं शिसं ढवळत होते. वितळलेल्या शिशावर राखाडी मळी आली होती. ती त्यांनी पळीनं हलकेच गोळा केली आणि पत्र्यावर झटकली.

"बघ, किती घाण निघाली," ते म्हणाले.

आता हे काय उत्तर झालं? पण वस्तादांची रीतच तशी. सरळ विचारलं की तिरकं बोलायचे, आणि तिरकं विचारलं की मुळीच बोलायचे नाहीत.

सुभेदार दस्तगीर नायकवडी हे त्यांचं खरं नाव. फौजेत असताना पिस्तुलाच्या नेमबाजीत नाव कमावलेला माणूस. पेन्शनीत आले आणि कोल्हापूरबाहेरच्या एका पडक्या दगडखाणीत त्यांनी रेंज काढली. गाव पडलं तालमीचं. तिथं शिकवणारा तो वस्ताद, मग त्याच्या हातात माती असो नाहीतर पिस्तूल.

या खाणीत दुकानची गोळी चालत नव्हती. रीतसर परवाना घेतलेली एक पत्र्याची शेड होती. तिथं शिसं वितळायचं, साच्यात ओतायचं, गार झालं की वरची शेंडी कापायची आणि एकेक गोळी सोनाराच्या काट्यावर जोखायची. पोरांनी गोळ्या ओतायच्या आणि कुलपाच्या खोलीत वस्तादांनी स्वतः काडतुसं भरायची.

आणि एक नियम. आपण ओतलेली गोळी आपण मारायची नाही. तू ओतायची ती जोडीदारासाठी. जोडीदारानं ओतायची ती तुझ्यासाठी.

"माझ्या हातची गोळी मला माहीत असते," यशोधन म्हणाला. "दुसऱ्यानं घाई केली, तर त्याचा भुर्दंड मी का सोसायचा?"

"मग तुझ्या घाईचा कुणी सोसायचा?"

"मी घाई करत नाही."

वस्तादांनी पळी खाली ठेवली. त्याच्याकडे नीट पाहिलं.

"मग तर तुझ्या जोडीदाराची चैनच की रे," ते म्हणाले, आणि पुन्हा मळी काढायला लागले.

यशोधन पुण्याहून आलेला. आतापर्यंत परदेशी काडतुसं वापरलेला, हात चांगला, डोळा त्याहून चांगला, आणि हे त्याला पुरेपूर ठाऊक असलेला. गेल्या वर्षी एका गुणानं त्याची नॅशनल हुकली होती. एका गुणानं! तो गुण त्याच्या घशात अजून अडकलेला होता. वडिलांनी निर्वाणीचं सांगून टाकलं होतं, यंदा शेवटचं. यंदा जमलं तर ठीक, नाहीतर पिस्तूल जमा करायचं आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात रुजू व्हायचं.

आणि या खाणीतून नॅशनलला जायला जागा होती एकच.

त्या जागेवर दोघांचा डोळा होता. दुसरा होता भूपाल मगदूम, म्हणजे यशोधनचा जोडीदारच. हातकणंगल्याकडच्या शाळेत पी.टी. शिकवायचा. जैनाच्या घरातला. आई मुंग्यांना साखर घालणारी, आणि पोरगा दिवसभर बार काढणारा, म्हणून रेंजवर सगळे त्याची फिरकी घ्यायचे. तो हसायचा. चिडायचा म्हणून नाही.

यशोधनला तो आवडायचा नाही. कारण विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. भूपाल फार चांगला नेम मारत होता, हेच खरं कारण.

...

त्या एका जागेसाठीच्या चाचणीच्या आदल्या आठवड्यात दोघंही शेडमध्ये गोळ्या ओतायला बसले. दुपारची वेळ. पत्रा तापलेला, कढया तापलेल्या, अंगाला घामाच्या धारा.

भूपालचं काम म्हणजे देवपूजा. साचा तापेपर्यंतच्या पहिल्या गोळ्यांना सुरकुत्या पडतात. त्या त्यानं न बघताच बाद वाटीत टाकल्या. पुढच्या जोखल्या. त्यातल्या कितीतरी पुन्हा बाद. वाटी भरली की कढईत रिकामी करायची आणि नव्यानं ओतायचं. वर तोंडानं गुणगुणणं चालूच.

"अरे, मर्दा, केसाएवढा फरक आहे तो," यशोधन एकदा म्हणाला. "कशाला टाकतोस?"

"तुला मारायच्या आहेत बाबा," भूपाल म्हणाला. "माझ्या असत्या तर चालवून घेतल्या असत्या."

त्याच्याही गोळ्या झाल्या. सुरेख दिसत होत्या. सुरकुती नाही, खड्डा नाही, कडा धारदार. त्यानं जोखायला घेतल्या... आणि शेवटी शेवटी चार गोळ्या हलक्या निघाल्या.

ओतताना हात घाईत असला की गोळीच्या पोटात हवा राहते. वरून गुळगुळीत आणि आत पोकळ. अशी गोळी मारली तर इजाबिजा काही होत नाही, पण ती नेमाशी इमान राखत नाही. नळीतून निघाली की भलतीकडेच जाते.

कढई उतरवलेली होती. परत चढवायची म्हणजे परत शिसं वितळायचं, परत साचा तापवायचा, परत सुरकुत्या. हात भरून आले होते.

त्यानं त्या चार गोळ्या उचलल्या. हात बाद वाटीकडे निघाला होता.

वाटेत वळला.

आता खोटं कशाला बोला? नुसता कंटाळा नव्हता तो. मनात एक गणित झरकन होऊन गेलं होतं. चार दहांचे चार आठ झाले, की एक जागा...

चारही गोळ्या भूपालच्या पेटीत जाऊन पडल्या. इतर गोळ्यांत मिसळल्या. आता त्याला स्वतःलाही त्या ओळखता आल्या नसत्या.

"झालं?" मागून आवाज आला.

वस्ताद दारात उभे होते.

"झालं, वस्ताद."

"सगळ्या एकसारख्या?"

"सगळ्या."

वस्तादांनी काट्याकडे पाहिलं. पारडं अजून हलत होतं. मग त्यांनी यशोधनकडे पाहिलं... अंमळ जास्तच वेळ पाहिलं.

"बरं," ते म्हणाले, आणि दोन्ही पेट्या उचलून काडतुसं भरायला घेऊन गेले. जाता जाता बजावलं, "हात धुतल्याशिवाय भाकरीला शिवू नका रे. शिसं पोटात जातं."

...

चाचणीच्या दिवशी खाणीत वारा नव्हता. कड्यावर चार-सहा पोरं बसलेली, खाली पंचवीस मीटरवर कागद लावलेले.

चाचणी दोन अर्धांत होती. पहिल्यात सावकाश, दुसऱ्यात झटपट, म्हणजे कागद वळून समोर आला की लगेच मारायचं. प्रत्येकाला पेटी मिळाली, जोडीदाराच्या गोळ्यांची. या काडतुसात गोळी तोंडाशी सपाट बसते. वरून दिसते ती नुसती शिशाची टिकली. पोटात काय आहे ते अल्लाला ठाऊक, नाहीतर ओतणाऱ्याला.

चिठ्ठी टाकली. भूपाल आधी.

यशोधन मागे बाकावर बसला. भूपालनं पाच काडतुसं मॅगझिनमध्ये भरली. हात वर गेला, खाली आला, ठरला.

धाड.

कागदावर दहा.

ही नव्हती, यशोधनच्या मनात आलं.

धाड. ही पण नव्हती.

धाड...

प्रत्येक बाराला तो कागदाकडे मान उंचावायचा आणि प्रत्येक बाराला कागदावर दहा नाहीतर नऊ. पहिली फेरी गेली. दुसरी गेली. चौथी गेली. एकही गोळी वाकडी गेली नाही. अरे, चार होत्या त्यात! गेल्या कुठं?

अर्धी पेटी अजून शिल्लक होती, हे त्याला कळत होतं. गोळ्या त्या अर्ध्यात असतील, साधी गोष्ट. पण भीती बसली की साधी गोष्ट डोक्यात शिरत नाही.

त्याला कळलंय, यशोधनच्या मनानं घेतलं. भूपालला कळलंय. त्यानं गुपचूप काढून टाकल्यात त्या.

भूपाल जागेवरून उठून आला आणि त्याच्याकडे बघून हसला. नेहमी हसायचा तसाच.

पण यशोधनला ते हसू नेहमीचं वाटलं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते उगीच नाही. त्यानं माझ्या ओळखल्या, तर तो गप्प का? गप्प आहे, म्हणजे त्यानंही काहीतरी केलंय. माझ्या पेटीत किती असतील? चार? दहा?

"इंगवले, ये," वस्ताद म्हणाले.

तो जागेवर गेला. पेटी उघडली. शिशाच्या टिकल्या ओळीनं चमकत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं काडतूस उचलून कानाशी हलवून पाहिलं. त्यानं काय कळणार कपाळ!

हात वर केला. समोर काळं वर्तुळ, त्याखाली पिस्तुलाच्या टोकावरची, नेम धरायची माशी. माशी स्थिर होती. बोट ट्रिगरवर हळूहळू दाबत आलं...

ही असेल का?

धाड.

सात. खाली डावीकडे.

बघ! तो मनात ओरडला. बघ, हीच ती!

पुढची नऊ. त्यापुढची पुन्हा सात. मग सहा. गोळी नळीतून निघायच्या आधीच त्याचं मनगट आवळायचं. फेरी संपली, दुसरी संपली, आणि कड्यावरची पोरं बोलायची थांबली. पुण्याच्या इंगवलेला असं मारताना कुणी पाहिलं नव्हतं.

चौथ्या फेरीत कागदाच्या पांढऱ्यावर भोक पडलं तेव्हा त्यानं पिस्तूल टेबलावर ठेवलं.

"वस्ताद, गोळ्या खराब आहेत."

"कुठल्या?" वस्ताद म्हणाले.

"या. भूपालच्या हातच्या. पोकळ आहेत. मला खात्री आहे."

भूपाल बाकावरून उठला. चेहरा उतरलेला.

वस्ताद सावकाश चालत आले. त्यांनी पिस्तूल उचललं. त्याच्याकडे पाठ केली. मॅगझिन काढल्याचा आवाज आला, घातल्याचा आला, नळीवरची सरक मागं ओढल्याचा आला. मग वळून पिस्तूल त्याच्या हातात दिलं.

"मार."

यशोधननं हात वर केला. माशी काळ्याखाली आणली. बोट दाबत आलं... आलं...

टक्.

नुसतं टक्. बार झालाच नाही. आणि त्या टक् बरोबर पिस्तुलाची नळी सगळ्यांच्या देखत चार बोटं खाली गेली.

वस्ताद त्याच्या कानाशी आले.

"ही गोळी कशी होती?"

नळीत गोळी नव्हतीच.

कड्यावरून एकजण फिस्सकन हसला. "नाचता येईना..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं. वस्तादांनी वर पाहिलं, आणि त्याचं अंगण तोंडातच राहिलं.

यशोधनच्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. मागं फिरायचं की पुढं जायचं, याचा विचार करायला वेळ कुठला? तो पुढंच गेला.

"माझा हात हलला असेल. पण गोळ्याही बघा. उघडून जोखा."

"उघडा की वस्ताद," भूपाल म्हणाला. "माझ्या हातच्या सगळ्या उघडा. एक जरी हलकी निघाली तरी मी आत्ता घरी जातो. आणि माझ्या पेटीतल्याही उघडा, त्याच्या हातच्या. दोघांच्या उघडा. म्हणजे उद्या कुणाला बोलायला जागा नको."

वस्तादांनी एक हात यशोधनच्या पेटीवर ठेवला. दुसरा भूपालच्या.

"काय रे इंगवले? उघडायच्या दोन्ही?"

यशोधननं भूपालच्या पेटीवरच्या त्या हाताकडे पाहिलं.

"नको," यशोधन म्हणाला.

"नको?"

"नको. माझाच हात हलला. तक्रार नाही माझी."

वस्तादांनी दोन्ही हात उचलले. "बरं," ते म्हणाले. "मार उरलेल्या."

त्यानं मारल्या. कशा मारल्या ते विचारू नका.

...

दोन अर्धांच्या मधे विसावा होता. यशोधन पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभा राहिला. नळ सोडला, तोंडावर पाणी मारलं. सुटलो, असं त्याला वाटत होतं. गुण गेले होते, पण इज्जत राहिली होती. आणि गुणांचंही काय, अजून अर्धी चाचणी बाकी. भूपालच्या पेटीत अजून त्या चार... झटपटीच्या अर्ध्यात एक गोळी वाकडी गेली की माणूस बिथरतो, एकाच्या मागं दुसरी जाते. अजून काही संपलेलं नव्हतं.

"यश्या."

भूपाल होता.

आता हा भांडणार, यशोधनला वाटलं. भांडला असता तर बरं झालं असतं.

"यश्या, खरं सांगू का," भूपाल म्हणाला. खाली बघत होता. "त्या दिवशी मी शेवटच्या दहा-बारा जरा गडबडीत ओतल्या. आईला दवाखान्यात न्यायचं होतं. जोखल्या मी, आईशप्पथ जोखल्या, पण माझं ध्यान नव्हतं. चुकली असेल रे एखादी."

"चुकली नाही," यशोधन पुटपुटला.

"तुला काय ठाऊक? तू एवढा मारणारा, तुझे सात जातात होय? माझंच काहीतरी झालंय. तू असं कर. वस्तादांच्या साठ्यातल्या गोळ्या घे आणि पहिलं अर्ध परत मार. मी सांगतो त्यांना. माझी हरकत नाही म्हणून सांगतो."

"भूपाल..."

"अरे, माझ्या चुकीनं तुझी जागा जायला नको, मर्दा. तुझं यंदा शेवटचं आहे, मला ठाऊक आहे."

यशोधननं नळ बंद केला. परत सोडला. परत बंद केला.

हातातोंडाशी घास आला होता. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. परत मारायचं, चांगल्या गोळ्या, शांत हात. जागा त्याची झाली असती. वर भूपालनंच पाठ थोपटली असती.

"नको," तो म्हणाला. "परत नाही मारत मी. जा तू."

भूपाल गेला.

...

"दुसरं अर्ध," वस्ताद म्हणाले. "मगदूम आधी."

भूपालनं पेटी उघडली. पेटीकडे बघतसुद्धा नव्हता. हात घालत होता आणि हाताला येईल ते काडतूस मॅगझिनमध्ये सारत होता. आईनं ताटात वाढलेलं माणूस जसं न बघता खातो, तसं.

एक. दोन.

यशोधन मागं उभा होता.

तीन. चार. पाच.

मॅगझिन आत गेलं.

"भरलं," भूपाल म्हणाला.

"सावधान," वस्ताद म्हणाले.

भूपालचा हात खाली तिरपा झाला. कागद वळायची वाट बघत तो उभा राहिला. मान ताठ, खांदे सैल. एवढा निर्धास्त माणूस यशोधननं पूर्वी पाहिला नव्हता. स्वतः तर तो तसा कधीच उभा राहिला नव्हता.

"थांबा!"

आवाज खाणीच्या कड्यांवर आपटून परत आला. तो आपलाच आहे, हे यशोधनला जरा उशिरा कळलं.

भूपालनं हात हलवला नाही. नळी कागदाकडेच ठेवली, बोट बाहेर काढलं, मॅगझिन काढलं, सरक मागं ओढली, पिस्तूल टेबलावर ठेवलं. अंगवळणी पडलेलं सगळं त्यानं केलं, आणि मगच वळला.

"काय झालं?"

"त्या मारू नकोस," यशोधन म्हणाला. "चार हलक्या आहेत त्यात. मला ठाऊक होतं. जोखल्या तेव्हाच कळलं होतं. मी... मीच घातल्या."

कड्यावरच्या पोरांपैकी कुणी हसलं नाही.

भूपाल बघत राहिला. त्याला आधी समजलंच नाही. मग समजलं. हळूहळू त्याचा चेहरा लालबुंद झाला.

"घातल्या?"

"हो."

"आणि मघाशी सगळ्यांसमोर मला म्हणालास, माझ्या पोकळ आहेत?"

"हो."

"आणि मी टाकीपाशी तुझी..." पुढं त्याला बोलवेना. तो दोन पावलं पुढं आला. हाताची मूठ झाली होती. मारतो की काय, असं वाटलं. मारलं असतं तर यशोधननं हात वर केला नसता.

भूपालनं मारलं नाही. थुंकला, बाजूला, मातीत.

"तोंड बघायचं नाही मला तुझं," तो म्हणाला, आणि लांब जाऊन खडकावर बसला. पाठ करून.

वस्तादांनी भूपालची पेटी बंद केली. कुलपाच्या खोलीत गेले आणि स्वतःच्या साठ्यातली दुसरी पेटी घेऊन आले. ती भूपालजवळ खडकावर ठेवली.

"ऊठ," ते म्हणाले. "आभाळ पडायचं थांबलं की मार."

"मला नाही मारायचं आज."

"तुला कोण विचारतंय? कागद लावलेत."

भूपाल बराच वेळ बसला. मग मनगटानं डोळे पुसले आणि उठला. त्यानं दुसरं अर्ध मारलं. पहिल्यासारखं नाही मारलं, माणूसच तो. पण जागा त्याची झाली.

यशोधनचं नाव फळ्यावरून वस्तादांनी स्वतः पुसलं. ओल्या फडक्यानं, अक्षर न अक्षर.

...

पोरं पांगली. खाणीत तिघंच उरले.

यशोधननं पिस्तूल पुसून पेटीत ठेवलं, पेटीला कुलूप लावलं, आणि किल्ली वस्तादांपुढं धरली.

"येतो मी, वस्ताद."

"कुठं?"

"घरी. पुण्याला. वडिलांकडे."

"आणि याच्या गोळ्या कोण ओतणार? नॅशनल तोंडावर आलीय. जोडीदार तू."

"मी?" यशोधनला वाटलं, म्हाताऱ्याला नीट ऐकू आलं नाही मघाशी.

भूपाल ताडकन वळला. "वस्ताद! मी याची गोळी मारणार नाही. मेलो तरी मारणार नाही."

"नको मारू," वस्ताद शांतपणे म्हणाले. "तो रोज ओतेल. तू रोज त्याच्या देखत कढईत परत टाक."

"आणि?"

"आणि काय? दुसऱ्या दिवशी तो परत ओतेल."

"कुठवर?"

वस्तादांनी खांदे उडवले. शिसं काय, वितळून झिजत नाही, असं काहीतरी ते पुटपुटले.

भूपालनं यशोधनकडे पाहिलं. त्या नजरेत माफीचा मागमूस नव्हता. पण तो नाहीही म्हणाला नाही. पिशवी खांद्याला अडकवली आणि खाणीच्या वाटेनं निघाला. वळणावर दिसेनासा होईपर्यंत यशोधन बघत राहिला.

किल्ली अजून त्याच्या हातातच होती. वस्तादांनी ती घेतली नव्हती.

"वस्ताद..."

"हं."

"त्या दिवशी शेडच्या दारात तुम्ही उभे होतात. तुम्हाला ठाऊक होतं."

वस्ताद कागदांचे खिळे काढत होते. एकेक खिळा काढून तोंडात धरत होते.

"पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं," यशोधन म्हणाला. आता त्याला राग पण येत होता. स्वतःचा, वस्तादांचा, सगळ्यांचाच. "मी त्याच्यासमोर उभा राहून त्यालाच चोर ठरवलं, तेव्हाही ठाऊक होतं. माझी जागा गेली. त्याचं मन गेलं. तुम्ही एक शब्द बोलला असतात तर यातलं काही झालं नसतं. मग मला थांबवलं का नाहीत?"

वस्तादांनी तोंडातले खिळे काढून तळहातावर घेतले.

"मी थांबवलं असतं, तर तू आपणहून थांबला असतास व्हय?"